जुनी स्पोर्ट्स कार ट्रॅकवर : आधी थांबवा, मग पळवा

मोटार दुरुस्ती हा आपल्या कारागिरांचा पिढीजात म्हणावा असा धंदा झाला आहे. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवरील गाळ्यांपासून शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातील वर्कशॉपपर्यंत डेंटर, पेंटर, वेल्डर, सीटवाले, रेडिएटरवाले अशी आपली माणसे जागोजागी दिसतात. रत्नागिरी-रायगडकडचे कित्येक तरुण तर गल्फमध्ये हाच हुन्नर घेऊन उभे राहिले. या धंद्याची एक शाखा मात्र आपल्याकडे अजून फारशी परिचित नाही. ती म्हणजे जुनी स्पोर्ट्स कार ‘ट्रॅक डे’साठी तयार करणे. हे काम कसे होते, त्यात कारागिराची कसोटी कुठे लागते आणि कोणत्या जागी चूक झाली तर गिऱ्हाइकाच्या जिवावर बेतते, याची माहिती आम्ही या लेखात देत आहोत.

ट्रॅक डे म्हणजे काय?

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. शर्यतीचा बंदिस्त रस्ता एका दिवसासाठी भाड्याने घेतला जातो आणि हौशी मालक फी भरून आपापली गाडी त्यावर चालवतात. पहिला-दुसरा नंबर नसतो आणि ब्रिटनमध्ये तर वेळ मोजण्यासही सहसा मनाई असते. सकाळी सर्वांना नियम समजावून सांगतात. ओव्हरटेक ठरलेल्या बाजूनेच आणि पुढच्याने वाट दिल्यावरच करायचे असते. हेल्मेट सक्तीचे असते. जर्मनीत न्युर्बुर्गरिंगचा २०.८ किलोमीटरचा जुना मार्ग सामान्य माणसाला पैसे भरून चालवता येतो. गल्फमध्ये २००४ साली सुरू झालेले दुबई ऑटोड्रोम आणि २००९ साली सुरू झालेले अबू धाबीचे यास मरीना सर्किट येथेही हौशी चालकांसाठी असे दिवस ठेवले जातात. म्हणूनच तिकडच्या आपल्या कारागिरांना हे काम दाराशी येण्याचा संभव आहे.

महागड्या नव्या गाडीचे नुकसान परवडत नाही, म्हणून पुष्कळ शौकीन जुनी, हलकी आणि सुटे भाग सहज मिळणारी गाडी यासाठी घेतात. अशा गाड्यांत जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५ सर्वांना ठाऊक आहे. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती प्रथम दाखवण्यात आली. अमेरिकेत तिला मिआटा आणि जपानमध्ये युनॉस रोडस्टर म्हणत. पहिल्या पिढीच्या चार लाखांहून अधिक गाड्या बनल्या आणि २०१६ साली सर्व पिढ्या मिळून दहा लाखांचा आकडा पूर्ण झाला. सुरुवातीचे इंजिन १.६ लिटरचे, ताकद सुमारे ११५ अश्वशक्ती, वजन साधारण ९५० किलो, ओढ मागच्या चाकांवर आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. १९९३ पासून १.८ लिटरचे इंजिनही आले. या लेखात आम्ही हीच गाडी उदाहरणादाखल घेत आहोत.

कामाचा क्रम हाच खरा हुन्नर

गिऱ्हाईक येते तेव्हा त्याची पहिली मागणी बहुधा एकच असते, “ताकद वाढवून द्या.” टर्बो, मोठा सायलेन्सर, इंजिनाचे काम असे सगळे त्याला हवे असते. जाणता उस्ताद इथेच थांबतो आणि क्रम उलटा लावतो. आधी गाडी निरोगी, मग ब्रेक, मग थंडावा, मग चालकाचे संरक्षण, मग टायर व सस्पेन्शन आणि ताकद सर्वांत शेवटी. या क्रमामागचा हिशेब साधा आहे. गाडीचा वेग दुप्पट झाला की थांबवताना जिरवावी लागणारी शक्ती चौपट होते. ताशी १६० किलोमीटरला ब्रेक मारताना ८० च्या चौपट उष्णता डिस्कवर येते आणि ट्रॅकवर असे एका फेरीत अनेकदा घडते. ताकद आणखी वाढवली तर तोच भार ब्रेकवर आणि रेडिएटरवर पडणार. एमएक्स-५ मूळ ताकदीतही ट्रॅकवर भरपूर आनंद देते, ही गोष्ट गिऱ्हाइकाला समजावून सांगणे हाही धंद्याचाच भाग आहे.

पहिली तपासणी : गंज आणि क्रँक

तीस-पस्तीस वर्षांच्या गाडीत पहिला शत्रू गंज. एमएक्स-५ च्या कापडी हूडवरचे पाणी मागच्या कोपऱ्यातील बारीक नळ्यांतून खाली जाते. त्या नळ्या कचऱ्याने तुंबल्या की पाणी दरवाज्याखालच्या पोकळ पत्र्यात साचते आणि मागच्या चाकापुढचा भाग आतून सडतो. वरून रंग चकचकीत असला तरी बोटाने दाबून आणि हातोडीने हलके ठोकून पाहावे. पत्रा सडला असेल तर पुट्टी भरून चालणार नाही. सडलेला भाग कापून, चांगल्या लोखंडापर्यंत जाऊन नवा पत्रा वेल्ड करावा. जॅक लावण्याची जागाही याच भागात आहे.

दुसरी तपासणी इंजिनाच्या पुढच्या टोकाची. सुरुवातीच्या, म्हणजे साधारण १९९१ पर्यंतच्या काही १.६ इंजिनांत क्रँकचे नाक आखूड होते. तेथील बोल्ट नीट आवळला गेला नाही तर पुलीची खाच झिजते, पुली डुगडुगते आणि क्रँक निकामी होतो. पुलीला चार खाचा दिसल्या तर जुना आखूड क्रँक आणि आठ दिसल्या तर पुढचा सुधारित क्रँक, अशी त्याची ओळख सांगतात. टायमिंग बेल्ट सुमारे एक लाख किलोमीटरला बदलायचा असतो. या इंजिनात बेल्ट तुटला तरी सहसा व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत. तरीही बेल्टचा इतिहास ठाऊक नसेल तर नवा घालावा आणि त्याच वेळी पाण्याचा पंप व ऑइल सील बदलून घ्यावेत, म्हणजे मजुरी दोनदा पडत नाही.

ब्रेक : कमी खर्चात मोठे काम

ट्रॅकवर ब्रेक निकामी होण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे जुने ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट ३ दर्जाचे ऑइल ताजे असताना किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत टिकले पाहिजे. ओलावा घेतल्यावर ही हद्द १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० असे आहेत. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकदम तळाला जाते. म्हणून ट्रॅकला जाण्यापूर्वी ताजे डॉट ४ किंवा ५.१ भरून हवा पूर्ण काढावी. नुसते डॉट ५ लिहिलेले ऑइल सिलिकॉनचे असते. नावातील साम्यामुळे फसून ते यात मिसळू नये.

यानंतर ट्रॅकच्या दर्जाचे पॅड बसवावेत. हे पॅड गरम झाल्यावर चांगले धरतात, पण थंड असताना कमी धरतात. गिऱ्हाईक त्याच गाडीने घरी जाणार असेल तर ही गोष्ट त्याला स्पष्ट सांगावी. १.६ च्या गाडीला पुढे २३५ मिलिमीटरची डिस्क असते. १.८ ची मोठी डिस्क तिच्या ब्रॅकेटसह जुन्या गाडीला बसते. जुन्या बाजारातील भागांतून होणारी ही सुधारणा बरीच लोकप्रिय आहे.

थंडावा

या गाडीच्या रेडिएटरची वरची टाकी प्लॅस्टिकची असते. काळे प्लॅस्टिक तपकिरी पडू लागले की ते ठिसूळ झाले असे समजावे आणि दुरुस्तीच्या भानगडीत न पडता पूर्ण ॲल्युमिनियमचा रेडिएटर घालावा. आणखी एक बारीक गोष्ट आहे. हे इंजिन मुळात आडवे बसवण्याच्या गाडीवरून घेतले गेले. एमएक्स-५ मध्ये ते उभे बसवताना पाण्याचा बाहेर पडण्याचा मार्ग पुढे आणला गेला, त्यामुळे मागच्या सिलिंडरांना थंडावा तुलनेने कमी मिळतो. जास्त ताकदीच्या गाड्यांत म्हणूनच तो मार्ग पुन्हा मागून काढतात. मूळ ताकदीच्या गाडीला निरोगी रेडिएटर, नवे होज आणि भरवशाचा तापमान काटा एवढे पुरेसे होते. इंजिन ऑइल काठीवरच्या वरच्या खुणेपर्यंत ठेवावे, कारण वळणात ऑइल एका बाजूला पळते.

वेल्डरची अमानत : रोल बार

एमएक्स-५ वरून उघडी आहे. गाडी उलटली तर चालकाचे डोके वाचवणारे छप्पर तिला नाही. म्हणून ट्रॅक डे भरवणारे अनेक जण अशा गाडीला रोल बार असल्याशिवाय आत घेत नाहीत. पाण्याची किंवा गॅसची पाइप वाकवून ‘दिसायला तसाच’ बार करून देणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळणे आहे. आंतरराष्ट्रीय मोटार संघटनेच्या म्हणजे एफआयएच्या नियमांनुसार मुख्य बारसाठी थंड ओढलेली, बिनजोडाची कार्बन पोलादाची नळी लागते. तिचे माप ४५ मिलिमीटर व्यास आणि २.५ जाडी, किंवा ५० व्यास आणि २ जाडी. आधाराच्या नळ्या ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २ च्या. वाकवताना नळी चेपली वा सुरकुतली तर ती टाकून द्यावी. जोड पूर्ण परिघाला वेल्ड झाला पाहिजे. बोल्टवर बसणाऱ्या बारला पत्र्याच्या खालून जाड पट्टी द्यावी. डोके लागू शकेल तेथे कठीण फोम बांधावा. मागे-पुढे पूर्ण पिंजरा केलेली गाडी रस्त्यावर विना हेल्मेट चालवणे धोक्याचे असते, हेही मालकाला सांगून ठेवावे.

तपासणीची सोपी रीत अशी. चालकाला हेल्मेटसह सीटवर बसवावे आणि एक सरळ काठी रोल बारच्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या चौकटीपर्यंत ठेवावी. हेल्मेट काठीच्या खाली राहिले पाहिजे. राहत नसेल तर सीट खाली घ्यावी लागेल, आणि इथे सीटवाल्याचे काम सुरू होते.

सीट, पट्टा आणि रोल बार ही तिन्ही कामे एकत्रच विचारात घ्यावीत. चार-सहा टोकांचा हार्नेस पट्टा माणसाला सरळ जखडून ठेवतो. वर बार नसताना तो बसवला तर गाडी उलटल्यावर माणसाला खाली झुकताही येत नाही. खांद्याचे पट्टे मागे जवळजवळ आडवे जावेत. ४५ अंशांहून अधिक खाली उतरले तर धडकेत पाठीचा कणा दाबला जातो. मांड्यांमधला पट्टा नसेल तर शरीर कमरपट्ट्याखालून घसरते. जुन्या मूळ सीटवर मूळ तीन टोकांचा पट्टा ठेवणे हे अर्धवट हार्नेसपेक्षा केव्हाही बरे.

टायर, अलाइनमेंट आणि आवाज

टायरची नक्षी पाहण्याआधी वय पाहावे. बाजूवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. या गाडीत चाकांचे कोन विशबोनच्या खालच्या बोल्टवरून जुळवता येतात. पण जुन्या गाडीत हेच बोल्ट बुशमध्ये गंजून अडकतात आणि कधी कधी एका बोल्टमागे अर्धा दिवस जातो. सायलेन्सर बदलताना आवाजाची मर्यादा ध्यानात ठेवावी. ब्रिटनमध्ये गाडी उभी करून, नळीपासून अर्ध्या मीटरवर यंत्र धरून आवाज मोजतात. मर्यादा ओलांडली की फी भरूनही माणूस परत जातो आणि दोष गॅरेजवाल्याला देतो.

हिशेब आणि कागद

या कामात नुकसान होते ते अंदाज तोंडी दिल्यामुळे. अडकलेले बोल्ट आणि लपलेला गंज यांची मजुरी वेगळी पडेल असे आधीच लिहून घ्यावे. काय बदलले, कोणते ऑइल भरले, कोणता बोल्ट किती टॉर्कने आवळला याची नोंद ठेवून एक प्रत मालकाला द्यावी. ट्रॅकवरच्या नुकसानीस रस्त्याचा साधा विमा सहसा लागू होत नाही, हेही सांगावे. खरी कायमची कमाई मात्र पुढेच आहे. प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी व नंतर तपासणी, ब्रेक ऑइल, पॅड, चाकांचे नट पुन्हा आवळणे अशी कामे निघतात, आणि एकदा विश्वास बसलेले गिऱ्हाईक त्यासाठी वर्षानुवर्षे येत राहते. शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक थंड करावेत आणि उभी करताना हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये टाकून चाकाला अटकाव लावावा, एवढे दोन शब्द सांगितले तरी त्याच्या डिस्क वाचतात.

भारतात काम करणाऱ्यांनी एक कायदा लक्षात ठेवावा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल केलेली गाडी रस्त्यावर चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर न्यायची गाडी असेल तर ती ट्रेलरवरून नेण्याचा सल्ला द्यावा.

आपल्या कारागिरांच्या हातात कसब आहे, याबद्दल आम्हाला शंका नाही. या कामात कसबाइतकीच ‘नाही’ म्हणण्याची हिंमत लागते. ब्रेक न करता टर्बो मागणाऱ्याला परत पाठवणारा मिस्त्री त्या दिवशी एक बिल गमावतो. पण वेगात असलेला माणूस पेडलवर पाय ठेवतो तेव्हा त्याचा सारा भरवसा मिस्त्रीच्या कामावर असतो, आणि त्या भरवशाची किंमत कोणत्याही बिलापेक्षा मोठी आहे.