एक फुटतं, बाकीची विझतात

"उजवीकडे एकोणीस बाय अठरा. डावीकडे काही नाही. लायनिंग नऊ." सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत डॉक्टर मदतनीस मुलीला आकडे सांगतात आणि टेबलावरची बाई मान वळवून पडद्यावरच्या काळ्या गोलाकडे बघत राहते. पाळीचा बारावा दिवस. ती जिना उतरते न उतरते तोच सासूबाईंचा फोन : "झालं का गं अंडं तयार?"

तो काळा गोल म्हणजे अंडं नव्हे. ती द्रवाने भरलेली पिशवी. पाठ्यपुस्तकात बीजपुटिका, दवाखान्यात फॉलिकल. द्रवातून ध्वनिलहरी परत फिरत नाहीत म्हणून काळी दिसते. आतलं बीज जेमतेम ०.१ मिलिमीटरचं, पडद्यावर ते दिसतच नाही. डेल्फ्टच्या रेनियर द ग्राफची १६७२ मध्ये हीच गफलत झाली होती, पिशवीलाच तो अंडं समजला. खरं बीज कार्ल फॉन बेअरला सापडलं १८२७ मध्ये, तेही कुत्रीच्या पोटात. तेव्हा सासूबाईंना हसायचं कारण नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी वंध्यत्वावरची आपली पहिली मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. शिफारशी ४०. जगात दर सहा माणसांत एकाला कधी ना कधी हा प्रश्न गाठतो, हे सगळीकडे छापून आलं. मला खटकतं ते आपल्या घराघरांतलं एक वाक्य : 'हिची अंडी बनत नाहीत.'

अंडी आता बनायची राहिलेलीच नसतात. ती बाई स्वतः आईच्या पोटात असते तेव्हाच बनून झालेली असतात. विसाव्या आठवड्याच्या सुमारास स्त्रीगर्भात ६० ते ७० लाख, जन्मताना १० ते २० लाख, पाळी सुरू होताना ३ ते ४ लाख. सबंध आयुष्यात त्यांतली फुटून बाहेर पडतात चारशे-पाचशे. बाकीची विझतात. लहानपणी, गरोदरपणी, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतानाही, महिन्याला शेकड्यांनी. काशीच्या मणिकर्णिका घाटावरची आग कधी विझत नाही म्हणतात. बीजकोशातलं हे महाश्मशान तर जन्माआधीच पेटलेलं असतं. यात रोग नाही की दोष नाही. निसर्गाचा हा रोजचा कारभार आहे.

दर पाळीला मूठभर फॉलिकल्स वाढीला लागतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एफएसएच येतं, त्यावर ती पोसली जातात. आठवडाभरात एक पुढे सरकतं, इस्ट्रोजेन सोडतं, एफएसएच उतरतं आणि थोरल्याने ताट ओढून घ्यावं तशी धाकटी उपाशी मरतात. आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातली, इंजेक्शनं या धाकट्यांनाही वाढतात, एवढंच. 'दहा काढली म्हणजे दहा महिन्यांची पुंजी गेली' ही भीती म्हणूनच पोकळ. ती दहा याच महिन्यात चितेवर जायची होती.

ही युक्ती वापरणाऱ्या एका डॉक्टरची गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईझ ब्राउन जन्मली २५ जुलै १९७८ रोजी, नैसर्गिक पाळीतल्या एकुलत्या बीजापासून. ७० दिवसांनी कोलकात्यात 'दुर्गा' जन्मली. सुभाष मुखोपाध्याय यांनी इंजेक्शनांनी एकाहून अधिक फॉलिकल्स वाढवली होती, गर्भ गोठवून ठेवला होता. सरकारी समितीने दावा फेटाळला. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा जन्मली आणि देशातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा मान मुंबईला मिळाला. अकरा वर्षांनी आनंदकुमारांनी मुखोपाध्यायांच्या नोंदी वाचल्या आणि जाहीर लिहून टाकलं की पहिला मान कोलकात्याचा. स्वतःच्या नावावरची पाटी स्वतः उतरवायला फार मोठं मन लागतं.

त्या सचोटीतली थोडी आज लॅबच्या जाहिरातींत हवी होती. 'फर्टिलिटी पॅकेज'मध्ये एएमएचची चाचणी विकली जाते. हे संप्रेरक लहान फॉलिकल्समधून पाझरतं. साठ्याचा अंदाज देतं, आयव्हीएफमध्ये किती बीजं हाती लागतील ते सांगायला उपयोगी पडतं. पण २०१७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, ३० ते ४४ वयाच्या आणि वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या बायकांत एएमएच कमी असूनही आपसूक दिवस राहण्याचं प्रमाण कमी आढळलं नाही. दिवस राहायला बीज लागतं एकच! वयाचं मात्र खरं. चाळिशीतल्या बाईचं बीजही चाळीस वर्षं ताटकळलेलं असतं, गुणसूत्रांची वाटणी चुकायची शक्यता वाढते. मोजदाद वेगळी, कस वेगळा.

वर मणिकर्णिका घाट आला. ते नाव निघालं की मराठी माणसाला काशीत जन्मलेली मोरोपंत तांब्यांची मनूही आठवते. झाशीच्या या राणीचं तान्हं बाळ १८५१ मध्ये गेलं, दत्तक मुलगा डलहौसीने मानला नाही. तिच्या कुशीचा हिशेब तेव्हा गव्हर्नर जनरल मांडत होता. आज तो नातेवाईक मांडतात.

त्याच काशीत, तुलसी घाटाजवळ, लोलार्क कुंड आहे. भाद्रपद शुद्ध षष्ठीला मूल हवं असलेली जोडपी तिथे बुडी मारतात, ओले कपडे तिथेच सोडतात, एखादं फळ किंवा भाजी वाहून ती खायची सोडतात. मी नवसाची वकिली करणार नाही. पण त्या पाण्यात नवराही उतरतो. वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनेही काही कारण असतं, तरी आपल्याकडे ती चौथ्यांदा सोनोग्राफीच्या टेबलावर असते आणि त्याची वीर्यतपासणी अजून 'बघू पुढच्या महिन्यात' असते. सासूबाईंनी पुढचा फोन मुलाला करावा.