‘फुल’ : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थ व उच्चार

कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील निंबर्गा हे गाव १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते, १९५६ साली ते म्हैसूर राज्यात गेले. मराठी, कन्नड व उर्दू या तिन्ही भाषा तेथील मुलाच्या कानी लहानपणापासून पडतात. अशा मुलाने श्रुतलेखनात ‘फूल तिकीट’ असे लिहिले, तर शिक्षक त्यावर तांबडी रेघ ओढतात. फूल म्हणजे पुष्प, ‘एप्रिल फूल’मधील फूल म्हणजे मूर्ख, तिकीट मात्र ‘फुल’, म्हणजे पूर्ण आकाराचे. रेघ योग्य, पण मुलाचीही बाजू ऐकावयास हवी.

मराठी अकारान्त शब्दातील उपान्त्य उकार दीर्घ लिहावा, हा साहित्य महामंडळाने १९६२ साली मान्य केलेला नियम. तो कागदावरचा नव्हे, जिभेवरचाच आहे. फारसी ‘पुल’ मराठीत आला तो ‘पूल’ होऊन. लांबी मोजण्याचा इंग्रजी ‘फुट’ आपण ‘फूट’ केला. याच न्यायाने ‘फुल’चे ‘फूल’ व्हावयास हवे होते. परंतु ती जागा पुष्पाने आधीच अडविलेली! तेव्हा भाषेने वेगळीच वाट काढली. जोडाक्षरापूर्वीचा उकार सामान्यतः ऱ्हस्व राहतो; म्हणून लोकांनी ‘ल’ दुप्पट केला आणि नाट्यगृहाच्या पाटीवर ‘हाऊसफुल्ल’ झळकले. कन्नडचाही कल असाच: बसचे ‘बस्सु’ होते. ‘फुल्ल’ला अशुद्ध म्हणणाऱ्यांशी म्हणूनच मी सहमत नाही.

येथे अर्थाचाही एक सूक्ष्म भेद दिसतो. नामापूर्वी येणारे विशेषण एकेरी ‘ल’चे आणि ‘पूर्ण’ या अर्थाचे: फुल तिकीट, फुल बाह्यांचा सदरा. विधानात आले की ते ‘भरलेले’ होते आणि ‘ल’वर जोर येतो: गाडी फुल्ल आहे. इंग्रजीत दोन्ही अर्थांना उच्चार एकच.

काही विद्वान संस्कृत ‘फुल्ल’, म्हणजे उमललेले, याच्याशी या शब्दाचे नाते जोडतात. ते खरे नव्हे. ‘फुल’चे सख्खे भावंड आहे ‘पूर्ण’. मूळ ‘प’चा जर्मानिक शाखेत ‘फ’ झाला आणि ‘ल्न’चा ‘ल्ल’. इंग्रजी लेखनातील दोन ‘ल’ त्याचीच खूण. आपले पुष्पवाचक ‘फूल’ मात्र प्राकृतातून त्या संस्कृत ‘फुल्ल’कडेच जाते.

उच्चारात उकार आखूड, ओठ सैल ठेवावेत. ‘पुल’ (ओढणे) आणि ‘बुल’ (बैल) यांत हाच स्वर येतो; ‘डल’, ‘गल’ यांत मात्र लेखन तसेच असून स्वर अकाराजवळचा, येथे मुले हमखास चुकतात. इंग्रजी ‘फ’साठी वरचे दात खालच्या ओठास टेकून श्वास घासत सोडावा लागतो, मराठी ‘फ’ मुळात दोन्ही ओठ मिटून उच्चारावयाचा. आज पुष्कळ मराठी माणसे ‘फूल’ही दातांनीच उच्चारतात, त्यामुळे भेद पुसत चालला आहे. उर्दूत दोहोंना निरनिराळी लेखनचिन्हे आहेत. मराठीने नुक्ता स्वीकारलेला नाही. तेव्हा हा भेद तोंडानेच करून दाखवावा लागतो. निंबर्ग्याच्या वर्गात घरी उर्दू बोलणारे मूल असेल, तर हे दोन शब्द प्रथम त्याच्याकडून म्हणवून घ्यावेत.