भायखळ्याच्या मंडईतून मंत्रालयात

परळ-लालबागच्या समाजबांधवांना भायखळ्याची भाजीमंडई नवी नाही. संत सावता माळी यांचे नाव असलेली ही मंडई एके काळी मुंबईच्या घाऊक भाजीची पेठ होती. पहाटे माल उतरे आणि उजाडता उजाडता तो शहरभरच्या पाटीवाल्यांकडे जाई. पुढे घाऊक व्यापार वाशीला गेला. याच मंडईत भाजीचा धंदा करणारे श्री. छगन भुजबळ राज्याचे उपमुख्यमंत्री झाले. त्यांची वाटचाल आपल्या विद्यार्थ्यांनी समजून घ्यावी असे आम्हांस वाटते, कारण तिचा आपल्या चळवळीशी दोन वेळा, आणि अगदी उलट प्रकारे, संबंध आला आहे.

१९४७ साली नाशिकला जन्मलेल्या भुजबळांचे आई-वडील लहानपणीच वारले. माझगावात नातलगांनी त्यांना वाढविले. भाजी विकता विकता त्यांनी माटुंग्याच्या व्ही.जे.टी.आय.मधून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली. बाजारात बसणाऱ्याला वस्तीतला प्रत्येक माणूस ओळखतो, आणि शिवसेनेच्या शाखांना अशीच माणसे हवी होती. १९७३ मध्ये ते नगरसेवक झाले, पुढे दोनदा महापौर झाले आणि १९८५ मध्ये माझगावातून विधानसभेत गेले.

आता जी गोष्ट लिहितो ती आमच्या पिढीला विसरता येत नाही. १९८८ च्या आरंभी ‘रिडल्स’ प्रकरणी शिवसेनेने बाबासाहेबांच्या ग्रंथातील परिशिष्टाला विरोध केला. आपल्या समाजाचा प्रचंड मोर्चा मुंबईत निघाला. त्यानंतर हुतात्मा चौकाचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले आणि त्यात भुजबळ पुढे होते. आपल्या माणसांच्या पावलांनी स्मारक बाटले, असाच त्याचा अर्थ होता.

त्यानंतर दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९९० मध्ये, मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा झाली आणि शिवसेनेने तिला विरोध केला. माळी समाजातून आलेल्या भुजबळांची तेथे कोंडी झाली. विरोधी पक्षनेतेपद श्री. मनोहर जोशी यांना मिळाले, ही नाराजीही होतीच. ती लपविण्याचे कारण नाही. डिसेंबर १९९१ मध्ये नागपूर अधिवेशनात काही आमदारांसह त्यांनी पक्ष सोडून काँग्रेसमध्ये प्रवेश केला. १९९२ मध्ये त्यांनी महात्मा फुले समता परिषद स्थापन केली आणि १९९४ मध्ये राज्यात मंडलची अंमलबजावणी झाली.

येथे विद्यार्थ्यांनी एक दुवा ध्यानात घ्यावा. मंडल आयोग नेमला गेला तो घटनेच्या ३४० व्या कलमाखाली. हे कलम बाबासाहेबांच्या राज्यघटनेतले आहे, आणि त्यानुसार आयोग नेमला जात नाही ही १९५१ मधील त्यांच्या राजीनाम्याच्या कारणांपैकी एक होती. इतर मागासवर्गीयांना ते बरेच उशिरा कळले. भुजबळांनाही उशिराच कळले, असे आम्ही म्हणतो.

किंमत त्यांनी मोजली. १९९५ मध्ये माझगावकरांनी त्यांना पाडून शिवसेनेचे श्री. बाळा नांदगावकर निवडून दिले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार होऊन दहा जणांचे प्राण गेले. त्या वेळी विधान परिषदेत विरोधी पक्षनेते असलेले भुजबळ सरकारवर तुटून पडले. त्याच महिन्यात शिवसैनिकांनी त्यांच्या सरकारी बंगल्यावर हल्ला केला.

१९९९ मध्ये ते उपमुख्यमंत्री व गृहमंत्री झाले. २०१६ मध्ये आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपांवरून त्यांना अटक झाली. सुमारे दोन वर्षे तुरुंगात काढल्यावर २०१८ मध्ये त्यांना जामीन मिळाला, आणि महाराष्ट्र सदन प्रकरणातून २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले.

आमच्यातले काही ज्येष्ठ आजही हुतात्मा चौकाचे नाव काढतात, काही रमाबाई नगराचे. आम्ही दोन्ही लिहून ठेवले आहे. माझगाव सुटल्यावर २००४ पासून त्यांनी ज्या मतदारसंघातून निवडणुका जिंकल्या तो येवला, जेथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.