वाळवंटातली सिगारची पेटी

पावसाळा सुरू झाला की मिठाला पाणी सुटते आणि पापड सादळतात. कारण विचारले की वर्गातली मुले ‘हवा दमट असते म्हणून’ एवढे सांगून थांबतात. पण किती दमट? मीठ नेमके केव्हा ओले होते? हे समजून घेण्यासाठी आम्ही एक जरा दूरचे उदाहरण घेणार आहोत : आखाती वाळवंटात तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांनी आपल्या सिगार कशा सांभाळल्या? शिक्षकांच्या मासिकात तंबाखू कशाला, असे काही वाचकांना वाटेल. तिच्या अपायाकडेही आपण येऊच.

१९९०-९१च्या आखाती युद्धात अमेरिकी सैन्याला जो ‘सर्वसाधारण आदेश क्रमांक १’ लागू होता, त्यात मद्याला बंदी होती, तंबाखूला नव्हती. पुढे इराक आणि अफगाणिस्तानातही तसेच राहिले. त्यामुळे संध्याकाळी चार जणांनी एकत्र बसायला सिगार हे एक निमित्त झाले. घरून टपालाने सिगार येत आणि वाटून ओढल्या जात. पण त्या पोचेपर्यंत आणि संपेपर्यंत टिकवायच्या कशा?

सिगार म्हणजे तंबाखूच्या आंबवलेल्या पानांची गुंडाळी. आत भरणाची पाने, त्यावर बांधणीचे पान आणि सर्वांत बाहेर पातळ, नाजूक वेष्टनाचे पान. वाळलेले पान हवेतले बाष्प शोषते किंवा हवेला परत देते. कोणत्या दिशेने, ते भोवतालची सापेक्ष आर्द्रता ठरवते. सुमारे ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेला सिगार लवचीक राहते. त्याखाली वेष्टन तडकते, फार वर गेले तर बुरशी येते.

आता वाळवंटातली हवा घेऊ. तापमान ४५ अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता १० टक्के. ४५ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ६५ ग्रॅम बाष्प मावते, म्हणजे प्रत्यक्षात साडेसहा ग्रॅम आहे. हीच हवा वातानुकूलित तंबूत २० अंशांपर्यंत थंड केली, तर तिथे कमाल १७.३ ग्रॅम मावते. साडेसहा भागिले १७.३, म्हणजे सुमारे ३८ टक्के. बाष्प तेवढेच, सापेक्ष आर्द्रता जवळजवळ चौपट! तरीही सिगारला ही हवा कोरडीच. म्हणून बंद पेटी हवी.

पेट्या जे हाताशी असेल त्याच्या. बर्फ ठेवायची जाड भिंतींची प्लास्टिकची पेटी हा चांगला पर्याय. दुसरा म्हणजे काडतुसांचा रिकामा लोखंडी डबा. त्याच्या झाकणाला आपल्या कुकरला असते तशी रबराची कडी असते. दारूगोळ्यापर्यंत बाहेरची ओल पोचू नये म्हणून ती बसवलेली. तीच आतली ओल बाहेर जाऊ देत नाही. मात्र लोखंड उष्णता अडवत नाही. घरच्या खास पेट्यांना आतून ‘स्पॅनिश सीडर’ लाकडाच्या फळ्या असतात. नाव सीडर असले तरी हे झाड देवदाराच्या कुळातले नाही, ते आपल्या कडुनिंबाच्या आणि तुनाच्या कुळातले आहे.

बंद पेटी उन्हात तापली तर आतली हवा कोरडी पडेल का? इथे आकडेमोड करून पाहणे फार उद्बोधक आहे. ५० लिटरच्या पेटीत २० अंशांना आणि ७० टक्क्यांना हवेत बाष्प असते अवघे ०.६ ग्रॅम. पेटीत १०० सिगार आहेत, प्रत्येकी १२ ग्रॅमच्या, असे धरू. त्यांच्या वजनाचा आठवा भाग पाणी मानले तर ते झाले १५० ग्रॅम. तापमान ४० अंशांवर गेले तर ७० टक्के टिकवायला हवेत सुमारे १.८ ग्रॅम बाष्प लागेल. उरलेले १.२ ग्रॅम तंबाखू सहज पुरवते. तिच्या साठ्याचा तो एक टक्काही नाही. म्हणजे भरलेल्या पेटीत ओलावा सांभाळतात त्या सिगारच. हवेचे त्यात फारसे काही चालत नाही.

पेटी वारंवार उघडली जाते, तेव्हा मात्र हळूहळू घट होत राहते. ती भरून काढायला पाण्याने भिजवलेला स्पंज ठेवला तर तो थांबायचे कुठे हे जाणत नाही. हवा शंभर टक्क्यांकडे नेऊ पाहतो. बटाट्याची किंवा सफरचंदाची फोड ठेवण्याची जुनी युक्ती तर बुरशीला आमंत्रणच. खरी गंमत मिठाच्या संपृक्त द्रावणाची. वाटीत मीठ घेऊन त्यात थोडेच पाणी घातले, तळाशी खडे शिल्लक राहिले, की बंद भांड्यातली हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. हवा त्याहून दमट झाली तर द्रावण बाष्प ओढते आणि आणखी मीठ विरघळते. कोरडी झाली तर पाणी सोडते आणि मिठाचे स्फटिक सुटतात. दोन्ही वेळा द्रावण संपृक्तच राहते, म्हणून आकडा हलत नाही. तापमानानेही तो फारसा बदलत नाही. आता सुरुवातीचा प्रश्न सुटला : हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मिठाला पाणी सुटते, त्याखाली नाही. सिगारला ७५ जरा जास्त होतात, म्हणून तिथे थोडे खालचे आकडे देणारी इतर द्रावणे वापरतात. मिठाचा उपयोग स्वस्त आर्द्रतामापक बरोबर दाखवतो का, हे तपासायला करतात.

आर्द्रता जमली तरी उष्णता राहतेच, आणि खरा घात ती करते. लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी हा दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी भुंगेरा तंबाखूत अंडी घालतो. आपल्याकडे साठवलेल्या हळदीला लागतो तो हाच. ३० अंशांच्या आसपास आणि ७० टक्के आर्द्रतेला त्याची पिढी महिना-दीड महिन्यात तयार होते. उन्हात ठेवलेली, ओलावा अगदी नीट जमलेली पेटी म्हणजे त्याचे पाळणाघर! म्हणून जाणकार पेटी सावलीत, जमिनीलगत ठेवतात आणि आर्द्रता थोडी कमीच राखतात. शीतकपाट मिळाले तर सिगार काही दिवस गोठवतात. त्याने अंडीही मरतात.

वाटून घेण्याचेही शास्त्र आहे. टपालाने आलेली कोरडी सिगार सामायिक पेटीत टाकली, तर ती शेजारच्या सिगारचे पाणी ओढते, आणि भुंगेरा असेल तर तोही सगळ्यांना वाटते. नवी आवक काही दिवस वेगळ्या पिशवीत ठेवणे बरे. तिला ओलावाही सावकाश द्यावा लागतो. घाई केली तर आतले-बाहेरचे थर सारख्या वेगाने फुगत नाहीत आणि वेष्टन फाटते.

भेटीदाखल सिगार मिळण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकी यादवी युद्धात, १८६२ साली फोर्ट डोनेलसन जिंकल्यावर सेनापती ग्रँट यांच्या हातातल्या सिगारची बातमी छापून आली आणि देशभरातून त्यांच्याकडे सिगारच्या पेट्यांचा ओघ लागला. त्यांनी पुष्कळ वाटून टाकल्या, तरी ओढायलाही भरपूर उरल्या. १८८५ साली ते घशाच्या कर्करोगाने वारले. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून ती निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे. हा धूर बहुधा अल्कधर्मी असतो, आणि अल्कधर्मी माध्यमात निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जाते. आपल्याकडे तंबाखूत चुना मळतात, त्यामागचे रसायन हेच. आठवी-नववीच्या वर्गात हा दुवा जरूर सांगावा, असे आम्हाला वाटते.

प्रयोगाला अर्थातच तंबाखू नको; पत्रावळीचे वाळलेले पळसाचे पान उत्तम. तीन बरण्या घ्या. एकीत कोरडे कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत मिठाचे संपृक्त द्रावण, तिसरीत नुसते पाणी ठेवा. वर जाळीवर पानाचा सारख्या वजनाचा तुकडा ठेवून झाकण घट्ट लावा. प्रयोगशाळेतल्या तराजूवर रोज वजन करून आलेख काढा. वजन केव्हा स्थिर होते आणि कोणते पान दुमडले तरी मोडत नाही, हे मुलांना टिपू द्या. पाण्याच्या बरणीतल्या पानावर काही दिवसांत बुरशी दिसू लागेल. मग ती बरणी न उघडता बाहेरूनच भिंगाने पाहावी.