गणितातील संपादणूक : मावळच्या संदर्भात काही विचार

माध्यमिक शाळेतील विद्यार्थी गणितात मागे पडला, की ‘त्याला गणिताची बुद्धीच नाही’ असा निर्वाळा देण्याची आपली रीत आहे. हे निदान जितके सोपे, तितकेच अपुरे होय.

नववी-दहावीतील अपयशाचे मूळ बहुधा प्राथमिक इयत्तांत सापडते. क्ष² + १५क्ष + ५४ या राशीचे अवयव पाडावयाचे, तर ज्यांचा गुणाकार ५४ आणि बेरीज १५ अशा दोन संख्या झटकन् सुचाव्या लागतात. ज्याला ‘नऊ सख चोपन्न’ मुखोद्गत नाही, त्याची गाडी येथेच अडते. शिक्षक मात्र त्याला बीजगणित कळत नाही असे मानतो. २०२३ च्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे ४३ टक्क्यांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले.

मराठी संख्यानामांचाही येथे विचार केला पाहिजे. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतात, लिहिताना सहा. ‘एकोणसाठ’ ऐकताच साठ मनात येतात, पण लिहावयाचे पाच. म्हणूनच २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धती जोडनावांच्या बरोबरीने आली. तीवर उठलेल्या वादात थट्टा पुष्कळ झाली, अध्यापनशास्त्रीय चर्चा थोडी. पुढे सेमी-इंग्रजी वर्गात हीच मुले तेच गणित इंग्रजीतून शिकतात, हा आणखी एक पेच.

आता मावळकडे वळू. लोणावळा व तळेगाव ही लोहमार्गावरील गावे. तेथील विद्यार्थ्याला लोकल गाडीने पुण्याशी संबंध ठेवता येतो. आंदर, नाणे आणि पवन मावळांतील खेड्यांची गोष्ट निराळी. शाळा जूनमध्ये उघडते आणि लगोलग मुसळधार पाऊस व भातलावणी यांचे दिवस येतात. दहावीच्या २०१८ च्या पुस्तकात बीजगणिताची पहिली दोन प्रकरणे रेषीय समीकरणे व वर्गसमीकरणे यांची आहेत. इतिहासाचा एखादा धडा बुडाला, तर पुढचा वाचता येतो. वर्गसमीकरण बुडाले, तर त्यावर उभी असलेली उदाहरणेही बुडतात. लावणीमुळे आठ-दहा दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाचे गुण पाहताना हजेरीपत्रकही शेजारी ठेवावे.

पालकांचे शिक्षण व घरची स्थिती यांचा परिणाम सर्वच विषयांवर होतो. त्याचा विस्तार येथे नको. भीतीचा मात्र उल्लेख हवा. २०१२ च्या ‘पिसा’ चाचणीत सहभागी देशांतील सुमारे ३० टक्के विद्यार्थ्यांनी गणित सोडविताना असहाय वाटते असे सांगितले. फळ्यासमोर एकदा हसे झालेला मुलगा पुन्हा शंका विचारीत नाही, आणि न विचारलेली शंका उत्तरपत्रिकेत चूक होऊन उतरते.