निळी टोपी आणि घरची माणसे

सातारा-सांगलीकडे “पोरगा मिलिटरीत आहे” हे आजही मान ताठ करून सांगितले जाते. साताऱ्याजवळचे अपशिंगे तर ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झाल्यावर काही वर्षे साताऱ्यातच नोकरीला होते. पोराची बदली जम्मूला झाली तर आईला निदान अंदाज असतो. पण पलटण परदेशी निघाली, तीही शांतिसेना म्हणून, तर घरच्यांनी काय समजावे?

शांतिसेना हा एकच शब्द दोन वेगळ्या कामांना लावला जातो, इथेच घोळ होतो.

२९ जुलै १९८७ रोजी भारत-श्रीलंका करार झाला आणि आपले सैन्य तिकडे गेले. दोन सरकारांच्या सह्या होत्या. संयुक्त राष्ट्रांचा ठराव नव्हता, आणि तमिळ वाघांची सहीच नव्हती. मध्यस्थ म्हणून गेलेले जवान ऑक्टोबरात त्याच वाघांशी लढू लागले. २५ नोव्हेंबरला ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले. त्या मोहिमेत परमवीर चक्र मिळालेले ते एकटेच. मार्च १९९० मध्ये सैन्य परतले तोवर सुमारे १,२०० जवान गेले होते. जवानांच्या शौर्यात काडीचे उणे नव्हते. उणे होते ते वरच्या कागदात.

निळ्या टोपीचे काम निराळे. सुरक्षा परिषदेचा ठराव लागतो, भांडणाऱ्या पक्षांची संमती लागते. बाजू कोणाचीच घ्यायची नाही; गोळी झाडायची ती स्वतःच्या बचावासाठी किंवा सोपवलेले काम राखण्यासाठीच. अर्थात हे कागदावर. १९९३-९४ मध्ये सोमालियात गेलेल्या भारतीय ब्रिगेडमध्ये ५ महारही होती. तिथे सरकारच उरले नव्हते. संमती मागायची कोणाकडे? ठराव असूनही आपली माणसे मारली गेलीच. तरी काम कोणते, मुदत किती, जबाबदार कोण, हे निदान लेखी होते. म्हणून पोरगा रजेवर येऊन “मिशनला नाव लागलंय” म्हणाला, तर भत्ता किती हे विचारण्याआधी एवढे विचारून घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

दिल्लीनेही हे एकदा विचारले. २००३ साली अमेरिकेला इराकमध्ये आपली एक अख्खी डिव्हिजन हवी होती. १४ जुलैला सरकारने कळवले : संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय सैन्य येणार नाही. ते गेले नाही.