आधी कागद, मग गिऱ्हाईक

तुकडेबंदी शिथिल झाली आणि लहान प्लॉटवर घर बांधून बसलेल्या लाखो कुटुंबांना विक्रीचा रस्ता मोकळा दिसू लागला. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी 9 जुलै 2025 रोजी विधानसभेत घोषणा केली, नोव्हेंबरमध्ये अध्यादेश निघाला. निवासी आणि बिगरशेती क्षेत्रातले 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातले तुकड्यांचे व्यवहार आता शुल्काविना नियमित होऊ शकतात. पुसदसारख्या तालुक्याच्या गावात ज्यांची घरे ले-आउटबाहेरच्या दोन-अडीच हजार चौरस फुटांच्या तुकड्यांवर उभी आहेत, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. मुले पुण्या-नागपुरात स्थिरावली, घराला कुलूप लागले, ते विकायचे ठरले, की पहिला फोन जातो दलालाला. माझे म्हणणे असे, की तो फोन करायची बहुतेकांना गरजच नाही.

दलाल दोन कामे करतो. गिऱ्हाईक आणतो आणि भावाच्या घासाघिशीत मध्ये बसतो. त्यासाठी दोन्हीकडून एक-दोन टक्के घेण्याची रीत आहे. चाळीस लाखांच्या घरावर दोन टक्के म्हणजे ऐंशी हजार रुपये. बदल्यात तो मालकी हक्काची कसलीही जबाबदारी घेत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने हक्क निर्वेध असल्याची हमी आणि दोष उघड करण्याचे कर्तव्य विकणाऱ्यावर टाकले आहे. उद्या वाद उभा राहिला तर कोर्टाची नोटीस तुमच्या नावाने येईल.

‘पण आता रेरा आहे ना?’ असे अनेकजण विचारतात. रेराखाली एजंटांची नोंदणी सक्तीची आहे, महारेराने त्यांच्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आणली आहे. पण कलम 9 मधली ही सक्ती आहे ती नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट-प्लॉट विकणाऱ्यांसाठी. तुमच्या वडिलांनी बांधलेले जुने घर विकून देणाऱ्याला हे काहीच लागू नाही. बहुतेक तालुक्यांच्या गावांत मुख्य धंदा जुन्या घरांचा आणि सुट्या प्लॉटांचाच असतो, आणि नेमका तोच नियमाबाहेर राहिला आहे. अमेरिकेत पाच-सहा टक्क्यांच्या कमिशनविरुद्ध घरमालक कोर्टात गेले. 2023 मध्ये ज्युरीने त्यांच्या बाजूने कौल दिला, 2024 मध्ये तिथल्या रिअल्टर संघटनेने 41 कोटी 80 लाख डॉलरची तडजोड केली आणि नियम बदलले. आपल्याकडे हा प्रश्न अजून कुणी धसाला लावलेला नाही.

खरे काम कागदांचे आहे आणि ते दलाल असला तरी मालकालाच करावे लागते. जुने खरेदीखत काढा आणि त्यातली चतुःसीमा वाचा. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस बोळ, उत्तरेस खुली जागा. तीस-चाळीस वर्षांत ‘अमका’ घर विकून गेलेला असतो, खुल्या जागेवर दुमजली इमारत उभी असते आणि बोळातला दोन फुटांचा पट्टा शेजाऱ्याच्या कंपाउंडमध्ये गेलेला असतो. नवे दस्त जुन्याची नक्कल करून केले तर हा घोळ तसाच पुढे जातो. त्यापेक्षा स्वतः टेप लावून मोजा, सिटी सर्व्हेच्या नकाशाशी ताडून पाहा, आणि फरक निघाला तर सरकारी मोजणी करून घ्या. मोजणीच्या वेळी शेजाऱ्यांना बोलवा. गावात घराचे पहिले गिऱ्हाईक बहुधा शेजारीच असतो, भिंत पाडून दोन घरे एक करण्याचा विचार त्याच्या मनात कधीचा असतो.

दुसरी बाब बोजाची. गृहकर्ज फिटले, बँकेने कागद परत दिले, की माणूस निश्चिंत होतो. पण मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचे नाव तसेच असते. कर्ज फिटल्याचा दाखला जोडून अर्ज केल्याशिवाय ते निघत नाही. खरेदीदाराचा वकील पहिले बोट तिथेच ठेवतो.

तिसरी बाब सर्वांत नाजूक, बहिणींच्या वाट्याची. वडिलांनी स्वकष्टाने घेतलेले घर मृत्युपत्राविना मागे राहिले, तर मुलीचा वाटा 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच मुलाइतका आहे. वडिलोपार्जित मिळकतीतला जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, केंद्राने 2005 मध्ये. फेरफारात फक्त भावांची नावे असली म्हणून हा हक्क बुडत नाही. बहिणी एकतर खरेदीखतावर सही करतील किंवा राजीखुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र देतील. ही बैठक घरातच व्हावी. मध्यस्थाच्या तोंडून बहिणीला निरोप जाणे मला तरी अपमानास्पद वाटते.

तुकडेबंदीच्या सवलतीबद्दलही एक खुलासा हवा. व्यवहार फक्त नोटरीच्या कागदावर झाला असेल, तर तो कागद अजूनही खरेदीखत होत नाही. आधी रीतसर नोंदणी, मग विक्री. कुलमुखत्यारपत्रावर ‘विकलेल्या’ घराची मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणून दलालाला विक्रीचे मुखत्यारपत्र लिहून देऊ नका.

घराचा भाव ठरवण्यासाठी दोन आधार आहेत. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर रेडीरेकनरचे दर मिळतात, आणि ई-सर्चमध्ये आजूबाजूच्या व्यवहारांची सूची क्रमांक 2 दिसते. ‘रेल्वे येणार आहे’ या भावावर मात्र विसंबू नका. पुसदवरून जाणाऱ्या वर्धा-यवतमाळ-नांदेड या 284 किलोमीटरच्या मार्गाला 2008-09 मध्ये मंजुरी मिळाली, आणि वर्धा-कळंब हा पहिला टप्पा सुरू झाला तो फेब्रुवारी 2024 मध्ये.

इसार घेताना मी सर्वांत कडक आहे. घराच्या सौद्यात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणे कायद्याने मना आहे, आणि घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. ‘थोडे रोख, थोडे चेकने’ हा प्रस्ताव कुणाकडूनही आला तरी नाही म्हणा. इसारपत्रात मुदत लिहा, मुदत चुकली तर काय होईल तेही लिहा, आणि पूर्ण पैसे येईपर्यंत ताबा देऊ नका. मसुद्याला वकील जरूर करा. तो ठरलेली फी घेतो, घराच्या किमतीवर टक्का मागत नाही.

रजिस्ट्रीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो, अंगठा, ओळखीचे साक्षीदार एवढेच होते. मुद्रांक शुल्क रिवाजाने खरेदीदार भरतो. उरलेली रक्कम खात्यात जमा झाल्याची खात्री होईपर्यंत सही करू नका. घर दोन वर्षांहून अधिक काळ तुमचे असेल तर नफा दीर्घ मुदतीचा धरला जातो. तो दुसऱ्या घरात गुंतवला तर सवलत मिळते, पण मुदती काटेकोर आहेत. सीएला आधी विचारा.

परदेशी असलेल्यांना, किंवा घरात कुणी धावपळ करणारे नसलेल्यांना दलाल लागेल, हे मान्य. म्हणूनच जुन्या घरांचे व्यवहार करणाऱ्या मध्यस्थांनाही नोंदणी आणि जबाबदारी लागू झाली पाहिजे. तुकडेबंदी शिथिल करून सरकारने लाखो लहान मालकांना बाजारात आणले आहे. त्यांच्याकडून टक्का घेणारा माणूस कायद्याला उत्तरदायी असावा, एवढी तजवीज करणे हे त्याच सरकारचे पुढचे काम आहे.